‘तुमच्या घरी बंदूक आहे का?’ हे विचारायचं कसं?

आंबेमोहर
मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. न्यू जर्सीहून इथे येऊन आठ महिने झाले. लेक नऊ वर्षांची. तिच्या वर्गमैत्रिणीने येत्या शनिवारी वाढदिवसाला सहा जणींना रात्री राहायला बोलावलंय. घर चांगलं आहे. आई शाळेत वाचनाच्या तासाला मदत करते, वडील भेटले की टोपी काढून ‘मॅम’ म्हणतात. पण त्यांच्या पिकअपच्या मागच्या काचेवर बंदुकीचं स्टिकर आहे, आणि परवा भात कालवता कालवता पोरगी सहज म्हणाली, "तिच्या बाबांकडे ना, खूप गन्स आहेत. ते हरणं मारायला जातात."

त्या बंदुका कुलपात असतात का, एवढंच मला विचारायचंय. नवरा म्हणतो, असं विचारणं म्हणजे लोकांच्या घरी जेवायला जाऊन ‘भांडी घासलीत ना?’ विचारण्यासारखं आहे. पाठवलं नाही तर पोरगी महिनाभर बोलणार नाही. तुमच्यापैकी कुणी विचारलंय का? नेमके काय शब्द वापरलेत?

(मला अमेरिकेच्या राज्यघटनेवर चर्चा नकोय. नको म्हणजे नको.)

बटाटावडा_४२
शेवटची ओळ वाचून खुर्ची ओढून बसलो आहे. दहाव्या प्रतिसादाच्या आत राज्यघटना येणार, विसाव्याच्या आत गांधीजी. पैज एका वडापावची.

निशिगंध
बिनधास्त विचार गं. पोरांना दुसऱ्याकडे पाठवताना शेंगदाण्याचं विचारतो, कुत्रा आहे का विचारतो, पोहायच्या तलावाला कुंपण आहे का विचारतो. त्याच ओळीत बसवून टाक. इथले बालरोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं पालकांना हेच सांगतायत.

भवानीपेठ
पुण्यातून वाचतोय आणि डोकं गरगरतंय. एवढा श्रीमंत देश, आणि पोरीला वाढदिवसाला पाठवताना आईला हा प्रश्न! माणसं ३३ कोटी आणि लोकांकडच्या बंदुका, २०१८ च्या एका अंदाजानुसार, ३९ कोटींच्या वर. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. संसदेत बसून एक कायदा करायला काय होतं यांना?

टेक्सासतात्या
भवानीपेठ, एक कायदा नाही म्हणून अडलेलं नाही हो. कायद्यांचा इथे ढीग आहे. पण आधी पोरीचं बघू.

आंबेमोहर, मी पश्चिम टेक्सासात लबकच्या पुढे एका बारक्या गावात राहतो, बावीस वर्षं झाली. जिनिंगच्या मशिनरीची कामं करतो. चहूकडे कापूस, डोळे किलकिले केले की जळगाव. माझ्याकडे चार बंदुका आहेत. दोन रायफली, एक बारा बोअरची, एक पिस्तूल. शेरीफच्या हापिसात फोन केला तर माणूस यायला अर्धा तास लागतो, आणि रानडुकरं एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं करून जातात. सगळं लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळी. आजवर दोन पोरांच्या आयांनी मला विचारलंय. दोघींना कपाट नेऊन दाखवलं. राग कसला? जो माणूस बंदूक नीट ठेवतो त्याला कुणी विचारलं तर बरंच वाटतं, तेवढंच मिरवायला मिळतं. आणि ज्याला राग येईल त्याच्याकडे पोर पाठवायची नाही, तुझं उत्तर तिथेच मिळालं.

बटाटावडा_४२
तात्या, चार बंदुका! मग दिवाळीला टिकल्या फोडायला वेगळं पिस्तूल लागतं का?

टेक्सासतात्या
नातवाचं आहे. तेवढंच एक कपाटाबाहेर असतं.

निशिगंध
तात्या, तुमचं कपाट खरंच कौतुकाचं. पण कायदा तुमच्यासारख्यांसाठी करत नाहीत ना. मी न्यू जर्सीत आहे. इथे बंदूक विकत घ्यायला आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागतात, आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना. तुमच्याकडे २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षं पूर्ण झालेला कुणीही, गुन्हा वगैरे नावावर नसेल तर, विनापरवाना पिस्तूल कमरेला लावून फिरू शकतो. एकाच देशात दोन देश आहेत हे.

माझा मुलगा पहिलीत असताना एकदा घरी येऊन म्हणाला, "आई, मला ते दिव्यांचे बूट नकोत." का रे? महिनाभर हट्ट करून घेतलेले बूट. तर म्हणे, आज शाळेत बंदूकवाला शिरला तर लपायचं कसं याचं ड्रिल झालं, सगळे अंधारात भिंतीला चिकटून बसलो, आणि मी पाय हलवला की बूट चमकत होते. "बॅड मॅनला दिसलो असतो ना मी." सहा वर्षांचा होता. ते बूट मी अजून टाकलेले नाहीत आणि त्याला परत घातलेही नाहीत.

गवतीचहा
निशिगंध, बुटांचं वाचून पुढे काही वाचवेना.

शंकेखोर
एक शंका. आंबेमोहर, आधीच माफी मागतो.

सगळं भांडण ज्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवरून आहे, ती १७९१ ची. एकच वाक्य. सुव्यवस्थित मिलिशिया ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने, शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होणार नाही. मिलिशिया म्हणजे आपल्या जुन्या भाषेत शिबंदी. मग हा हक्क शिबंदीचा की घरातल्या एकेकट्या माणसाचा? सव्वादोनशे वर्षं तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकट्या माणसाचा असं स्पष्ट म्हटलंच नव्हतं. ते म्हटलं २००८ च्या हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार. वॉशिंग्टन शहराने १९७६ पासून घरात पिस्तूल ठेवायला जवळजवळ बंदीच केली होती, ती रद्द झाली. पण निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कालियांनी त्यातच लिहून ठेवलंय की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना बंदी, शाळेत आणि सरकारी इमारतीत बंदी, हे सगळं चालेल.

मग २०२२ मध्ये न्यू यॉर्कच्या खटल्यात कोर्टाने नवाच दंडक घातला. बंदुकीवरचं आजचं बंधन टिकायचं तर त्याचा सांधा या देशाच्या जुन्या परंपरेत दाखवता आला पाहिजे. तेव्हापासून खालची कोर्टं फेरफाराच्या जुन्या नोंदी चाळावेत तसे अठराव्या शतकातले कायदे चाळत बसलीत. एका कोर्टाने तर बायकोला-मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल मनाईहुकूम असलेल्या माणसाकडूनही बंदूक काढून घेता येणार नाही असं ठरवलं, कारण १७९१ मध्ये तसा कायदा नव्हता! २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आठ विरुद्ध एक असं फिरवलं. माझी शंका अशी: १७९१ मध्ये बायकोला मारणं हाच गुन्हा मानत नव्हते, तर त्यावरचा उपाय त्या काळात सापडणार कुठून?

बटाटावडा_४२
राज्यघटना, दहाव्याच्या आत! नववा प्रतिसाद. माझेच दोन धरूनसुद्धा. पैज चालू.

आंबेमोहर
शंकेखोर 🙏 मी फक्त शब्द मागितले होते हो.

टेक्सासतात्या
शंकेखोर, शंका रास्त आहे. पण न्यू यॉर्कचा तो कायदा काय होता ते सांगायचं राहिलं. १९११ चा कायदा. पिस्तूल बाहेर नेण्याचा परवाना हवा तर ‘मला इतरांपेक्षा विशेष गरज आहे’ हे साहेबाला पटवायचं. म्हणजे परवाना साहेबाच्या मर्जीवर. मर्जी कुणावर होते आणि कुणावर होत नाही हे मराठी माणसाला सांगायला नको, आपण सगळे रेशनकार्डाच्या रांगेतून आलोय. त्या खटल्यात बंदूकवाल्यांच्या बाजूने ब्राँक्समधले गरिबांच्या केसेस लढवणारे वकीलही उभे राहिले. त्यांचं म्हणणं, या कायद्याखाली तुरुंगात जातात ती आमची काळी आणि स्पॅनिश बोलणारी पोरं.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब टाकला गेला. त्यांनी माँटगोमेरीत पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. नाकारला. अहिंसेच्या माणसालाही एकदा मागावासा वाटला, आणि मिळाला नाही.

निशिगंध
आणि तात्या, याची दुसरी बाजूही सांगा ना. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथर्सवाले उघड्यावर बंदुका घेऊन विधानभवनात शिरले, तेव्हा भरलेली बंदूक उघड्यावर घेऊन फिरायला बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही कुणी केली? गव्हर्नर रेगन यांनी. बंदुकीचा हक्क पवित्र, फक्त हातांचा रंग बघून.

टेक्सासतात्या
तेच तर म्हणतोय मी. दोघांचं एकच म्हणणं झालं की.

निशिगंध
नाही झालं. 😐

एचवनवाला
अवांतर प्रश्न. ऑफिसातले सगळे नेमबाजीच्या रेंजवर जातात. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर बंदूक घेता येते का?

शंकेखोर
साधारणपणे नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. आणि सांभाळून, रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही ‘बाळगणं’ धरली जाऊ शकते. ऑफिसातल्यांबरोबर गेलास तर कोक पी आणि फोटो काढ. बाकी वकिलाला विचार.

भवानीपेठ
हे बरं आहे, शिकारीचा परवाना काढला की चालतं! म्हणजे हरीण मारायचं असेल तरच बंदूक सुरक्षित.

ओवी
बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, आज लिहिते.

२००७ मध्ये मी व्हर्जिनिया टेकमध्ये मास्टर्स करत होते. १६ एप्रिल, सोमवार. त्या दिवशी एप्रिल असून बोचरी थंडी होती आणि वारा असा की सायकल आडवी पडत होती. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका हॉस्टेलमध्ये दोन जणांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यापीठाची पहिली ईमेल आली ९:२६ ला. मी ती वाचून, ‘कुठल्यातरी हॉस्टेलमधलं भांडण’ म्हणून लॅपटॉप बंद केला. पुढच्या पंधरा मिनिटांत नॉरिस हॉलमध्ये सुरू झालं. एकूण ३२ माणसं गेली. त्यात भारतातून आलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईची एक विद्यार्थिनी होती. तिचे आईवडील, माझे आईवडील, एकाच शहरात एकाच वेळी टीव्हीसमोर बसले होते आणि फोन लागत नव्हते. माझा लागला. ते मी कधी विसरत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ज्याने हे केलं त्याला २००५ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियाच्या कोर्टाने स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचार घ्यायला सांगितले होते. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे त्याला बंदूक विकायलाच नको होती. कायदा होता! पण हॉस्पिटलात भरती न करता बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं, म्हणून राज्याने ती नोंद वर कळवली नाही. दोन दुकानांत दोन पिस्तुलं, दोन्हीकडे तपासणीत पास. एक कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला नाही. नंतर २००८ च्या जानेवारीत नोंदी नीट पाठवण्याचा कायदा झाला. बैल गेला अन् झोपा केला.

म्हणून कुणी ‘बंदुका काढून घ्या’ म्हणालं की मी गप्प बसते, आणि कुणी ‘आहेत ते कायदे पुरेत’ म्हणालं तरी गप्प बसते.

गवतीचहा
ओवी 🙏

टेक्सासतात्या
ओवी, वाचून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

तुझ्या शेवटच्या ओळीवर वाद घालत नाही. एवढंच म्हणतो की आहेत त्या नोंदी आधी नीट ठेवा. १९९३ च्या ब्रेडी कायद्यापासून परवानाधारक दुकानातून घेताना तपासणी होते. मी चारही वेळा फॉर्म भरलाय. कधी शिक्षा झाली का, गांजा ओढता का, बंदूक स्वतःसाठीच घेताय का, सगळं विचारतात. पाच मिनिटांत उत्तर येतं.

निशिगंध
दुकानातून घेताना, तात्या. शेजाऱ्याकडून घेतली तर? जो धंदा म्हणून विकत नाही त्याला तपासणीची सक्ती संघराज्याच्या कायद्यात आजही नाही, राज्याने स्वतः घातली तरच. आणि दुकानातही तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार विकायला मोकळा. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक अशीच मिळाली.

न्यूटाउनच्या शाळेत २०१२ च्या डिसेंबरात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. मुलं सहा-सात वर्षांची. त्यानंतर चारच महिन्यांत सिनेटमध्ये प्रस्ताव आला, बंदी वगैरे काही नाही, फक्त प्रदर्शनात आणि जाहिरातीवरून विकल्या जाणाऱ्या बंदुकांनाही तपासणी लावा. मांडणारा एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. बाजूने ५४, विरोधात ४६. आणि पडला! कारण तिथे पुढे सरकायला ६० लागतात. वायोमिंगची वस्ती सहा लाखही नाही, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात, सिनेटर दोघांचेही दोनच. भवानीपेठ, ‘एक कायदा करायला काय होतं’ याचं उत्तर हे आहे.

टेक्सासतात्या
आमच्याकडचे लोक त्याला विरोध का करतात ते सांगतो, माझं मत बाजूला ठेवून. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज तपासणी, उद्या नोंदवही, परवा नोंदवही हातात घेऊन दारात पोलीस. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या गोळीबारातल्या ३५ बळींनंतर साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तुम्हाला ते उदाहरण गोड वाटतं, माझ्या शेजाऱ्याला त्याच गोष्टीची भीती वाटते. म्हणून तर १९८६ च्या कायद्याने संघराज्याला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायलाच बंदी घातलीय.

शंकेखोर
त्याचा परिणाम काय झालाय सांगू? एखाद्या खुनात बंदूक सापडली तर ती कुणाला विकली गेली हे शोधायचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. बंद पडलेल्या दुकानांची दफ्तरं तिथे खोक्यांनी येतात. काही हाताने लिहिलेली, काही पाण्यात भिजलेली. ती स्कॅन करतात, पण नावाने शोधता येतील अशी ठेवायची नाहीत, कायद्याने मनाई. म्हणजे माणूस एकेक पान डोळ्यांनी बघत बसतो. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात!

बटाटावडा_४२
म्हणजे तलाठी कार्यालयच की. तिथे ‘उद्या या’ म्हणायचीही सोय असेल.

भवानीपेठ
तात्या, नागरिकांना निःशस्त्र केलं की सरकार माजतं हे मलाही कळतं. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनने आणला तो त्यासाठीच. गोऱ्यांना सूट, आपल्याला परवाना. खुद्द गांधीजी म्हणाले होते, सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल.

बटाटावडा_४२
गांधीजी आले!!! विसाव्याच्या आत नाही, पण आले. अर्धा वडापाव तरी?

शंकेखोर
ते वाक्य इथल्या बंदूकवाल्यांच्या मोर्चात फलकावर असतं, गांधीजींच्या फोटोसकट. पुढचं मागचं कापून. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी माणसं भरती करत होते. शस्त्र कायदा जावा असं वाटत असेल तर आता फौजेत भरती व्हा, ही संधी आहे, असं ते पत्रक होतं. घरोघरी पिस्तूल ठेवा हा मुद्दा नव्हता. आणि भवानीपेठ, पहिल्या प्रतिसादात तुम्ही बंदी मागत होतात ना?

भवानीपेठ
मी अजूनही मागतोय. इंग्रज गेले की.

दोडामार्गी
मी गावातून. वाचतोय, गंमत वाटते. आमच्याकडे घरात ठासणीची बंदूक आजोबांपासून आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुक्कर, माकडं, आता तर हत्तीसुद्धा उतरतात, हत्तीपुढे ठासणीची काय कामाची म्हणा. नूतनीकरणाला खेपा, दसऱ्याला हळदकुंकू, बाकी वर्षभर माळ्यावर. परवान्याच्या पुस्तिकेला बंदुकीपेक्षा जास्त जपतो. निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा. आताही तिथेच आहे. आचारसंहिता आम्हाला लागू होते, डुकरांना होत नाही.

तात्यांना कपाशीतली डुकरं हाकायला रायफल हवी हे मला पटतं. पण परवान्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या म्हणून माझा हक्क गेला असं मला कधी वाटलं नाही. कंटाळा आला, एवढंच.

टेक्सासतात्या
दोडामार्गी, हा प्रतिसाद इंग्रजीत करून आमच्या कॅफेत वाचून दाखवणार आहे. डुकरं म्हटलं की सगळे ऐकतील.

प्रशासक
‘अमेरिकेतले मराठी विरुद्ध भारतातले मराठी’ या वळणावर गेलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ प्रश्न वाढदिवसाचा आहे, याची आठवण असू द्यावी.

डॉ_कडुनिंब
उशिरा आलो, ड्युटी होती. ओहायोत मुलांचा डॉक्टर आहे.

वर बरीच चर्चा गाजलेल्या घटनांवर झाली. त्या भयंकरच. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होतंय. २०२१ साली या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने. सामूहिक गोळीबारात जाणारे या आकड्यात थोडे. आणि टीव्हीवर भांडण चालतं ते एआर-१५ रायफलीवर, जेव्हा बहुतेक मरणं साध्या पिस्तुलाने होतात. २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. त्याआधी अनेक वर्षं मोटार अपघात होतं.

माणसाची एखादी रात्र फार वाईट असते. ती सरते. सरल्यावर त्याला बहुतेकदा जगायचंच असतं, हे मी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या उशाशी बसून ऐकलंय. घरात हाताशी बंदूक असली तर ती रात्र सरायला वेळच मिळत नाही. म्हणून मी दर तपासणीत आईवडिलांना विचारतो: घरात बंदूक आहे का, कुलूप आहे का, किल्ली कुठे असते, आणि मुलाला ती जागा माहीत आहे का. शेवटच्या प्रश्नावर आईबाप ‘नाही’ म्हणतात आणि मूल माझ्याकडे बघून हसतं.

आंबेमोहर, तुम्हाला संकोच वाटतो ना? फ्लोरिडाने २०११ मध्ये कायदाच केला होता की डॉक्टरांनी रुग्णाला बंदुकीबद्दल विचारू नये, खासगीपणाचा भंग होतो. डॉक्टर कोर्टात गेले. सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, अपील कोर्टाने विचारण्यावरची ती बंदी रद्द केली. म्हणजे तुमचा प्रश्न विचारायला आम्हालाही कोर्टातून परवानगी आणावी लागली. तुम्ही तर आई आहात.

मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ ला एका पंधरा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं. पिस्तूल वडिलांनी त्याच्यासाठीच घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाखाली दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. टेक्सासमध्येही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे. तुम्ही काही जगावेगळं विचारत नाही आहात.

घरात कुणी खचलेलं असेल तर बंदूक काही दिवस घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आणि इथे अमेरिकेत ९८८ या नंबरावर दिवसरात्र माणूस बोलायला असतो.

टेक्सासतात्या
डॉक्टर, हे कुणाला सांगितलं नव्हतं. २०२२ च्या दुष्काळात आमच्याकडे कपाशी उगवलीच नाही म्हणा. पलीकडच्या शेतातला एक जण, माझ्याच वयाचा, एका संध्याकाळी आला. पिकअपच्या मागे तीन बंदुका. म्हणाला, तुझं कपाट मोठं आहे, माझ्या थोडे दिवस ठेव. का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. चहा केला, आलं घालून. तो चहा पीत नाही, त्या दिवशी प्यायला. पाच महिन्यांनी येऊन घेऊन गेला.

यात सरकारही नव्हतं आणि राज्यघटनाही नव्हती.

निशिगंध
तात्या… तुमच्याशी भांडायला आले की तुम्ही असं काहीतरी लिहिता.

तरी विचारतेच. फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेतल्या १७ बळींनंतर २०१८ मध्ये तिथल्या रिपब्लिकन सरकारनेच कायदा केला, धोक्यात असलेल्या माणसाच्या बंदुका कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून ठेवता येतात. तुमचा मित्र स्वतः आला. जो स्वतः येत नाही त्याच्या बायकोने कुठे जायचं? तुमच्या टेक्सासमध्ये तिला ही सोय नाही.

टेक्सासतात्या
याला माझ्याकडे उत्तर नाही. हुकूम खोटं सांगूनही मिळवता येतो, ही भीती खरी आहे. पण उत्तर नाही.

आंबेमोहर
मंडळी, शनिवार झाला. अहवाल.

गुरुवारी त्या आईला मेसेज केला. निशिगंधची यादी आणि तात्यांची युक्ती एकत्र केली: लेकीला काजू चालत नाहीत, रात्री पाण्याची बाटली उशाशी लागते, आणि तुमच्याकडे शिकारीच्या बंदुका आहेत असं ऐकलं, त्या रात्री कुलपात असतात ना? पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला. दोन मिनिटांत फोनच आला तिचा. म्हणाली, विचारलंस ते बरं केलंस, सगळं कपाटात आहे, किल्ली नाही, आकडे आहेत, पोरांना माहीत नाहीत. वर म्हणाली, "घरातल्यांची मला काळजी नाही. पोरींना सोडायला येणाऱ्या आयांच्या पर्समध्ये काय असतं त्याची आहे. त्या पर्स सोफ्यावर टाकून किचनमध्ये येतात." तिने म्हणे सगळ्यांनाच मेसेज केला होता: पर्स गाडीत ठेवून या. मलाही आला होता. मला वाटलं, घर लहान असेल.

आमच्याकडे आहे का, तेही तिने विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाली, पुढच्या वेळी पोरी तुमच्याकडे. तयारीला लागले आहे.

लेक रविवारी सकाळी आली. झोप शून्य, केसांत चकाकी, आणि हरणाचं मुंडकं भिंतीवर होतं ते ‘फार बिचारं’ होतं म्हणे.

बटाटावडा_४२
माझा अर्धा वडापाव?

टेक्सासतात्या
लबकला ये, अख्खा देतो. मिरची इथलीच, हालापेन्यो.

दोडामार्गी
निकाल लागले. बंदूक सोडवून आणली. डुकरं परवाच येऊन गेली, सुरण सगळा उकरला.